गिटारीची जवारी

"उस्ताद, असं करा," बेळगावच्या कॅम्पातला वाद्यांचा दुकानदार, म्हातारा मस्करेन्हस, मला म्हणाला, "तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसा. मुलगा मागं दोन्ही गिटारी वाजवेल. कुठली कुठली ते सांगणार नाही. तुमचा कान म्हणेल ती न्या."

मला ते पटलं. पटणारच की. मिरजेत आमच्या गल्लीत सतारी-तानपुरे बनवणारी घरं ढिगानं, पण कानाचा विषय निघाला की लोक म्हणायचे, हुसेनभाईकडे जा. भोपळ्याला नुसती टिचकी मारली तरी त्याची सतार पुढं कशी बोलेल ते मी सांगायचो. फुशारकी म्हणा हवं तर. चार माणसं मान देतात तेव्हा फुशारकी गोडच लागते.

मी स्टूल फिरवलं आणि रस्त्याकडे बघत बसलो. मागे माझा मुलगा मुनीर, वय एकवीस. त्याच्यापुढे काउंटरवर दोन कंपन्यांच्या दोन गिटारी: एक कॅस्टेल, एक विलोबी. तासभर तो त्या आलटून पालटून घेत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघत होता. मनातून त्याला विलोबी आवडली होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बाप उस्ताद असला की पोरगं स्वतःच्या मनाला कमी विचारतं.

"अब्बा, ऐका हं," तो म्हणाला. "ही पहिली."

वाजवली. मग जरा थांबून म्हणाला, "ही दुसरी."

तीही वाजवली. दोन्हींवर एकच चीज, एकाच लयीत, हातचं काही राखून न ठेवता. दुसरी थांबली तेव्हा मस्करेन्हसनं हातातलं फडकं खाली ठेवलेलं मला काचेत दिसलं.

"पहिली," मी म्हटलं.

मी वळलो तेव्हा मुनीरच्या हातात विलोबी होती आणि तोंड एवढंसं झालं होतं.

"नक्की, अब्बा?"

"नक्की म्हणजे? मी कधी अंदाजानं बोललोय का?"

मस्करेन्हस खाकरला. भला माणूस. गिऱ्हाइकाचं मन मोडायची त्याला सवय नव्हती. "उस्ताद, एकदा परत ऐकता का?" तो म्हणाला. "कॅस्टेल चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण जरा बंद आवाजाची आहे."

"बंदच पाहिजे," मी म्हटलं. "नवं वाद्य बंद आवाजाचंच घ्यावं. वाजवता वाजवता लाकूड खुलतं. आज जे खुलं आहे ते चार वर्षांत फाटतं. आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं हे."

"तुमच्या सतारीचं खरं असेल. पण ही कॅस्टेल प्लायची आहे हो, पातळ थर चिकटवून केलेली. प्लाय खुलत नाही. विलोबीचं वरचं पान अखंड लाकडाचं आहे."

"साहेब, तीस वर्षं मी लाकूड तासतोय."

झालं. मुनीरनं विलोबी अलगद काउंटरवर ठेवली आणि कॅस्टेल उचलली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल." आणि वाटेत निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली तर खाली उतरून माझ्यासाठी भजी घेऊन आला.

ही गिटार कशासाठी, ते सांगायचं राहिलंच. महिन्यापूर्वी पुण्याचे केळुसकर साहेब बायकोचा तानपुरा घेऊन आमच्याकडे आले होते. स्टुडिओत रेकॉर्डिंगला कोणता वादक बसवायचा, त्यानं काय वाजवायचं, हे सगळं ते बघायचे. तानपुऱ्याचं काम होईपर्यंत बसले होते. माडीवर मुनीर गिटार वाजवत होता. ती त्याची नव्हे, मिशन कंपाउंडातल्या सॅम्युएलची, जागोजागी चिकटपट्टी लावलेली. साहेबांनी कप तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"वर कोण आहे?"

"पोरगा आहे माझा. बंद करायला सांगू का?"

"नका हो," ते म्हणाले आणि अनवाणीच माडी चढले.

अर्ध्या तासानं खाली आले ते मुनीरला तारीख देऊनच. स्टुडिओत येऊन माइकसमोर तासभर वाजवायचं. पसंत पडलं तर कायमचा वादक, पुण्यातच राहायचं. जाता जाता बजावलं, "उसनं वाद्य आणू नकोस. माइकला सगळं ऐकू येतं. आपल्या हातातलं आणि आपल्या सवयीचं आण." सॅम्युएल तसाही मस्कतला नोकरीवर निघाला होता, त्याची गिटार त्याच्याबरोबर जाणार होती. म्हणून बेळगाव, म्हणून मस्करेन्हस.

आमच्या जैबूला, म्हणजे मुनीरच्या आईला, आभाळ ठेंगणं झालं होतं. शेजारपाजारी सांगत सुटली. मी तिला म्हटलं, अगं, अजून कशात काही नाही. तर म्हणाली, "मुनीरचे अब्बा, तुम्ही शुभ बोला की जरा."

मी काय शुभ बोलणार? आमच्या कारखान्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, एके काळी पाच माणसं मांडीला मांडी लावून बसायची. धाकटा भाऊ आखातात गेला. थोरल्याच्या पोरांनी रिक्षा घेतल्या. माझे वडील गेले. राहिलो मी आणि माझ्या शेजारी मुनीर. पोराचा हात चांगला होता. भोपळ्याला डांडी जोडावी तर त्यानं. तो गेला की त्या खोलीत मी आणि भिंतीला टांगलेले भोपळे. हे मी कुणाला बोललो नाही. बापानं असं बोलायचं नसतं.

बरं, कॅस्टेल घरी आली आणि मुनीर तिला घेऊन माडीवर बसायला लागला. पहिले चार दिवस आवाज खरंच बसका होता. पाचव्या दिवसापासून काय झालं कोण जाणे. प्लाय काही खुललं नव्हतं, ते खुलत नाहीच. पोरानंच तिची खोड ओळखली. कुठं जोर लावायचा, कुठं बोट हलकं ठेवायचं, कुठली तार जरा उतरवायची. गल्लीतून जाणारी माणसं दारात थांबायला लागली. एकदा दस्तगीर पेंटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "हुसेनभाई, तुमचा कान म्हणजे कान. काय गिटार निवडलीय."

मी मान डोलावली आणि कानस चालवत राहिलो.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. आमच्या घरातून कुठलंही वाद्य उस्तादाचा हात फिरल्याशिवाय बाहेर जात नाही. कुणीही बनवलेलं असो, शेवटी ते घरातल्या वडीलधाऱ्यापुढे ठेवायचं. तो तारा बघतो, घोडी बघतो, जवारी करतो आणि मगच ते उंबरा ओलांडतं. जवारी म्हणजे काय, तर तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पाठीला कानशीनं अगदी बारीक उतार द्यायचा. तार सुटताना त्या उताराला घासत जाते आणि तिच्यातून गुंजारव निघतो. सतारीचा आणि तानपुऱ्याचा जीव त्यात असतो. केसभर जास्त घासलं तर आवाज फाटला, केसभर कमी तर मुका. शिकायला दहा वर्षं जातात, आणि दहा वर्षांनीही सगळ्यांना येत नाही.

पुण्याला जायच्या दिवशी दुपारचं जेवण झालं. साडेतीनची गाडी होती. मुनीर न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला आणि कॅस्टेल माझ्यापुढे ठेवली.

"अब्बा, हात फिरवून द्या."

"गिटारीला कसला हात?" मी म्हटलं.

"रीत आहे ना आपली. तुमच्या हाताशिवाय कसं नेऊ?"

स्वयंपाकघराच्या दारातून जैबू कौतुकानं बघत होती. मुनीर म्हणाला, "तोवर मी मामूंच्या पाया पडून येतो," आणि गेला. मामू चार घरं पलीकडे राहायचा.

मी तारा सैल केल्या. गिटारीच्या घोडीवर हाडाची एक बारीक पट्टी बसवलेली असते, तारा तिच्यावर टेकतात. ती काढली, उजेडात धरली आणि कानस घेतली. घासायचं, बसवायचं, ऐकायचं, परत काढायचं. जैबूनं विचारलं, "काय करताय एवढं?" मी म्हटलं, "जवारी." ती म्हणाली, "करा करा, चांगली करा."

मुनीर आला तेव्हा तारा चढवून झाल्या होत्या. त्यानं उभ्या उभ्याच बोटं फिरवली, अगदी हलक्या हातानं, आई शेजारी उभी होती म्हणून. आवाज साफ आला. त्यानं गिटार पिशवीत घातली, माझ्या पायाला हात लावला आणि स्टँडकडे निघाला.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. जैबूनं खीर करून ठेवली होती. त्यानं पिशवी भिंतीला टेकवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला.

"काय झालं रे?"

"जमलं नाही, अम्मी."

"म्हणजे?"

"गिटार वाजेना नीट."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा सावकाश वाजवलं तेव्हा ठीक होतं. केळुसकर साहेब काचेपलीकडून मान हलवत होते. मग म्हणाले, आता मोकळेपणानं वाजव, जोर लाव. जोर लावला की तारा भिणभिणायला लागल्या, डबड्यात माशी कोंडल्यागत. रेकॉर्डिंगवाल्यानं थांबवलं. परत घेतलं, परत तेच. तिसऱ्यांदा साहेब आत आले, त्यांनी गिटार हातात घेऊन घोडी निरखली आणि हसायलाच लागले. "अरे, ह्याला तर कुणीतरी मिरजेची जवारी केलीय." सगळे हसले. सतारीत जो जीव, तोच गिटारीत रोग, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी आपली गिटार पुढं केली. पण परक्या गिटारीवर पोराची बोटं चुकत गेली, आणि बाहेर आणखी तिघे वाट बघत बसले होते.

"अब्बांनी रीत म्हणून हात फिरवला," मुनीर आईला म्हणाला, "त्यांना काय ठाऊक, गिटारीला जवारी चालत नाही ते."

जैबूनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत होतो.

"चुकलं रे माझं," मी म्हटलं.

"असू दे, अब्बा. साहेब म्हणालेत, सहा महिन्यांनी परत ये, तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मला जवारी शिकवा. नीट, पहिल्यापासून. काय झालं ते मला समजलं पाहिजे. पुढच्या वेळी मी माझी पट्टी मीच बसवेन."

मी शिकवली. बापानं मला जेवढं दिलं होतं तेवढं सगळं दिलं, काही हातचं ठेवलं नाही. आणि पोरगं अंगात आल्यासारखं शिकलं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत कानस आणि कान. माडीवर जाणं कमी झालं. पाचव्या महिन्यात एका दुपारी तो एकटाच गिटारीची ती जुनी पट्टी उजेडात धरून बसलेला मला दिसला. मी आत गेलो तशी त्यानं ती खिशात टाकली. सहावा महिना लागला आणि गेला. जैबूनं दोनदा विचारलं, पुण्याला कधी जायचं? म्हणाला, बघू. पुढे तिनंही विचारणं सोडलं. कॅस्टेल त्यानं मिशनच्या शाळेला देऊन टाकली.

याला आता सव्वीस वर्षं झाली. जैबू गेली. मुनीरचं लग्न झालं, त्याच्या दोन्ही मुली सांगलीला कॉलेजात जातात. आज जवारीसाठी माणसं कोलकात्याहून मिरजेला येतात ती माझ्यासाठी नव्हे, मुनीरसाठी. माझा हात थरथरतो. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्यानं लोक बोलतात तेवढं कळतं. आणि ती गिटारीची गोष्ट आमच्या गल्लीत विनोद होऊन बसली आहे. नवं गिऱ्हाईक आलं की मुनीर स्वतःच सांगतो, "आमच्या अब्बांनी एकदा गिटारीला जवारी केली होती." गिऱ्हाईक हसतं, मुनीर हसतो, आणि मी कोपऱ्यात बसून तोंडावर हसू आणतो.

गेल्या महिन्यात धारवाडहून एक गाणाऱ्या बाई तानपुरा घेऊन आल्या होत्या. त्यांनाही त्यानं ती गोष्ट सांगितली. बेळगावचं दुकान, मी पाठ करून बसलो ते, प्लायचं लाकूड खुलेल म्हणालो ते, सगळं रंगवून. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. तानपुरा ठेवून जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "किती भोळे हो तुम्ही, आजोबा."

भोळे. बाईंची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दम धरला. मग म्हटलं, "मुनीर, इथं बस जरा."

"काय झालं? औषध घेतलं नाही का?"

"बस म्हटलं ना."

तो हात पुसत समोर बसला. त्याचेही केस पिकलेत आता.

"मी भोळा नव्हतो," मी म्हटलं. "बेळगावात तू दोन गिटारी वाजवल्यास. दुसरी विलोबी होती. ती चांगली होती हे मला पहिल्या सुरालाच कळलं होतं. मी खोटं बोललो."

त्याचं हात पुसणं थांबलं.

"तरी तू त्या प्लायच्या डबड्यातून सोनं काढलंस. म्हणून मग ती जवारी. ते चुकून झालं नव्हतं. रीत म्हणून तू वाद्य पुढं ठेवलंस आणि मी बसून, ऐकून, मोजून मापून ते बिघडवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसा मी. तुझ्या अम्मीलाही हे कधी सांगितलं नाही. सव्वीस वर्षं तू माझी चूक म्हणून सांगतोस आणि मी ऐकत बसतो. आता ऐकवत नाही."

मला वाटलं, तो उठून जाईल. ओरडला असता तरी चाललं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो म्हणा ना. तो मात्र बसल्या बसल्या बोटांवरचा भुसा झटकत होता.

"मला माहीत आहे, अब्बा," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पाचव्या महिन्यातच कळलं होतं. तुम्हीच शिकवत होता ना तेव्हा. ती पट्टी मी नीट बघितली. हलक्या हातानं वाजवलं तर साफ, जोर लावला की जवारी. बरोबर मधे धरलेली. अशी जवारी कुणाकडून चुकून होत नाही. मी इतकी वर्षं हेच काम करतोय, मला अजून तशी जमलेली नाही."

"मग बोलला का नाहीस? आणि सहा महिन्यांनी पुण्याला गेला का नाहीस? तुला कळलं होतं ना, मी काय केलं ते?"

"म्हणूनच नाही गेलो."

"म्हणजे?"

मुलींच्या मास्तरांशी बोलतो तसा तो शब्द निवडत बोलला. "अब्बा, मिरजेत तुमच्यासारखा कान नव्हता. तुम्ही पाठ करून बसलात आणि मला ऐकलंत. त्यानंतर महिनाभर रोज माडीखालून ऐकलंत. आणि मग मला थांबवलंत. मी पुष्कळ विचार केला. माझा बाप वाईट माणूस नाही. त्यानं हे केलं म्हणजे त्याला काहीतरी ऐकू आलं असणार, जे केळुसकरांना आलं नाही. पोरात ते नाही, पुढे पुण्यात तोंडघशी पडेल, त्यापेक्षा आत्ताच दोष वाद्यावर जाऊ दे, असं तुम्हाला वाटलं असेल. तोंडावर सांगवलं नसेल तुम्हाला. मला राग नाही आला. वाईट वाटलं, पण राग नाही. तुमच्या कानापुढं मी काय बोलणार?"

"आणि वाजवणं?"

"मग वाजवायचं कशाला?"

कारखान्यात आम्ही दोघंच होतो. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, ते मला डाव्या कानानं अर्धवट ऐकू आलं. मी उठून त्याच्याजवळ गेलो. मला खाली बसता येत नाही, गुडघे वाकत नाहीत, म्हणून भिंतीला धरून उभा राहिलो.

"मुनीर, तसं नव्हतं रे. उलटं होतं सगळं. दुसरी गिटार वाजली तेव्हाच मला कळलं, हा पोरगा आता परत येत नाही. तीस वर्षं मी उस्तादांची वाद्यं करून दिली. त्यांच्या मैफलीत मागं बसून ऐकलं. तसा हात मी दोघातिघांचाच ऐकला होता. तू चांगला होतास. फार चांगला. म्हणून घाबरलो मी. ही खोली रिकामी होईल, मी एकटा उरेन, म्हणून केलं. दुसरं काही नव्हतं. तुझ्यात खोट नव्हती, माझ्यात होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. राग नव्हता त्या हसण्यात. आजाऱ्यानं काहीबाही बोलावं आणि आपण हो हो म्हणावं, तसा.

"असू द्या, अब्बा," तो म्हणाला. "आता या वयात माझं मन राखायला खोटं कशाला बोलता?"

"अल्लाची शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नका घेऊ."

"तू मोठा वादक झाला असतास, मुनीर."

"बरं," तो म्हणाला. "झालो असतो." त्यानं माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि बाईंच्या तानपुऱ्याची घोडी उचलून खिडकीपाशी उजेडात जाऊन बसला.